रोमन नाण्यांचा पृष्ठभाग

‘छापा कीं काटा’ असें विचारून मुलें नाणें उडवितात, तेव्हां त्यांचें लक्ष नाण्याच्या कोणत्याच बाजूवरील चित्राकडे नसतें; डाव कोणाचा, एवढेंच त्यांस पाहावयाचें असतें. बाजारांत नाणें मोजून देणारा व मोजून घेणारा यांचेंहि तसेंच आहे. जो रोज नाण्यास हात लावतो त्यास त्यावर काय कोरलें आहे तें बहुधा सांगतां येत नाहीं. आणि ज्यास तें बिनचूक सांगतां येतें तो संग्राहक त्या नाण्याची भाजी कधीं विकत घेत नाहीं. प्राचीन रोमन नाण्यांच्या पृष्ठभागावरील चित्रांचा अर्थ कसा लावावा याविषयीं पाश्चात्य विद्वानांत जो दीर्घ वाद झाला, त्याचें मूळ या साध्या गोष्टींत आहे असें आम्हांस वाटतें. चित्र काढणाऱ्याच्या मनांत कांहीं एक अर्थ होता, हें सर्वांस मान्य आहे. तो अर्थ कोणीं पाहिला, आणि पाहिला असल्यास तो मानला कीं नाहीं, येथें मतभेद आहे.

आपल्याकडे नाणें म्हणजे स्थिरतेची खूण. शिवराईचेंच पाहा. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’. गादीवरचे पुरुष बदलले, पेशवे आले आणि गेले, तरी तींच अक्षरें तांब्यावर उमटत राहिलीं. रोमची रीत याच्या उलट. पुरोभागावर बादशहाचें मुख व त्याच्या पदव्या ठरलेल्या. परंतु पृष्ठभाग एकाच कारकीर्दींत पुनःपुन्हां बदलावयाचा. कधीं हातीं तराजू घेतलेली समता, कधीं पंख पसरलेली विजयदेवता, कधीं बंदर, कधीं पूल, कधीं साखळीनें बांधल्यासारखा दीन झालेला एखादा प्रांत. बादशाही स्थापन होण्यापूर्वींहि हा प्रघात होताच. ज्यूलियस सीझरचा वध इ. स. पूर्वीं ४४ मध्यें मार्चच्या पंधराव्या तारखेस झाला. पुढें दोन वर्षांनीं ब्रूटसनें जें चांदीचें नाणें पाडलें त्याच्या पाठीवर दोन खंजीर आहेत, मध्यें दास्यमुक्त झालेला गुलाम घालतो ती टोपी आहे, आणि खालीं त्या तिथीचीं आंखुड अक्षरें आहेत. सुमारें अडीचशें वर्षांनंतर इतिहासकार डिओ कॅसियस यानें या नाण्याचें वर्णन करून त्याचा अर्थहि सांगितला आहे. असें नाणें वाचावयास टीकाकार लागत नाहीं. दुर्दैवानें सगळींच नाणीं इतकीं मोकळ्या मनाचीं नाहींत.

हॅरोल्ड मॅटिंग्ली यांनीं ब्रिटिश म्यूझियममधील बादशाही नाण्यांची सूची १९२३ पासून खंडशः प्रसिद्ध केली, तेव्हांपासून या चित्रांच्या अभ्यासाला फार मोठें साधन मिळालें. आणि साधन हातीं आलें कीं उत्साहहि येतो. पृष्ठभाग म्हणजे त्या काळचें सरकारी वर्तमानपत्र, बादशहाला जें प्रजेच्या कानीं घालावयाचें तें तो प्रजेच्या कनवटीला लावून देई, असें प्रतिपादन रूढ झालें. त्यावर १९५६ मध्यें ए. एच. एम. जोन्स या इतिहासकारानें थंड पाणी ओतलें. पोस्टाच्या तिकिटावरील चित्राला आज जितकें महत्त्व असतें तितकेंच या चित्रांना तेव्हां असेल, असें त्याचें म्हणणें. पुढें १९८२ मध्यें बार्बरा लेव्हिक या विदुषीनें वादाला तिसरेंच वळण दिलें: हीं चित्रें प्रजेसाठीं नव्हतींच, टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनीं स्वतः बादशहालाच खूष करण्यासाठीं तीं निवडलीं, म्हणजे नाणें हें फर्मान नसून नजराणा आहे. तिन्ही मतांत तथ्य आहे, आणि तिन्ही मतें आपापलीं उदाहरणें निवडून घेतात. म्हणून आम्ही तत्त्वाच्या बाजूनें न जातां एका झाडाच्या बाजूनें जाऊं इच्छितों. तें झाड खजुराचें.

व्हेस्पेशियन बादशहाच्या इ. स. ७१ मधील पितळी सेस्टर्टियस नाण्यांपैकीं एक प्रकार फार प्रसिद्ध आहे. नाणें चांगलें मोठें, तळहातावर ठेवलें तर वजन जाणवावें असें. पृष्ठभागाच्या मधोमध खजुराचें झाड, फळांच्या घोसांनीं वांकलेलें. त्याच्या एका अंगास जमिनीवर एक स्त्री बसली आहे. तिनें डोकें हातावर टेकलें आहे. दुसऱ्या अंगास कधीं हात पाठीमागें बांधलेला पुरुष असतो, कधीं भाला टेंकून उभा असलेला खुद्द बादशहा. भोंवतीं अक्षरें ‘युदाइआ काप्ता’, म्हणजे ‘यहुदिया जिंकली’. आदल्या वर्षीं, इ. स. ७० मध्यें, बादशहाचा मुलगा टायटस यानें जेरुसलेम घेतलें आणि तेथील मंदिर जळालें. त्याचें हें चित्र, असें कोणतेंहि साधें पुस्तक सांगेल. तें खरें आहे, पण तेवढ्यानें चित्र वाचून होत नाहीं.

पहिली शंका ‘जिंकली’ या शब्दाविषयींच घ्यावी. मधलीं तीन वर्षें सोडल्यास यहुदिया इ. स. ६ पासून रोमन अधिकाऱ्यांच्या अमलाखालींच होती. जो मुलूख साठ वर्षें आपलाच आहे तो जिंकावयाचा कसा? झालें होतें तें बंड, आणि मोडलें तें बंड. परंतु ऑगस्टसनें इ. स. पूर्वीं २८ मध्यें मगरीच्या चित्राखालीं ‘मिसर जिंकलें’ असें कोरविलें होतें, आणि तें खरोखरच परराज्य होतें. व्हेस्पेशियननें शब्द त्याचे उचलले आणि बंडाला दिग्विजयाचा पोषाख चढविला. त्याला याची गरज कां पडली तें इ. स. ६९ सालाकडे पाहिलें म्हणजे कळतें. त्या एका वर्षांत रोममध्यें चार बादशहा झाले. रोमन सैन्य रोमन सैन्यावर पडलें. खुद्द नगरांतील कॅपिटोल टेंकडीवरचें ज्युपिटरचें देऊळ त्या धामधुमींत जळून गेलें. या यादवींतून व्हेस्पेशियन गादीवर आला, आणि आपल्याच लोकांस मारल्याबद्दल विजयाची मिरवणूक काढणें रोमन रीतीस सोडून होतें. मिरवणूक काढावयाची तर शत्रु परका पाहिजे. झाडाखालीं बसलेली ती स्त्री या अर्थानें एक पडदा आहे: तिच्याकडे पाहावें, म्हणजे तिच्या पाठीमागें जळालेलें स्वतःचें देऊळ दिसूं नये. लेव्हिक यांचें मत येथें लंगडें पडतें असें आम्हांस वाटतें. बादशहाला खूष करण्यासाठीं कोणी अधिकारी हें चित्र निवडीलहि. पण एका प्रसंगाची आठवण पुढें आणून दुसरीची मागें ढकलण्याची ही युक्ति ज्यांस दोन्ही आठवणी आहेत अशा प्रेक्षकांवांचून निरर्थक आहे.

दुसरी शंका त्या स्त्रीविषयींची. कांहीं हळव्या लेखकांना या चित्रांत कारागिराची करुणा दिसते. पराजितांचें दुःख त्यानें किती जिव्हाळ्यानें कोरलें आहे, असें ते म्हणतात. आम्हांस हें पटत नाहीं. डोकें हातावर टेकून बसलेली शोकमग्न स्त्री ही ग्रीक शिल्पकलेंतून आलेली ठराविक मुद्रा आहे, आणि पुढें ट्राजननें डॅशिया घेतली तेव्हां डॅशियाहि नाण्यावर अशीच बसविली गेली. ठसे कोरणाऱ्या कारागिरानें सांचांतून काढावी तशी ती काढली. दुःख सुंदर काढलें तर विजय अधिक सुंदर दिसतो, एवढेंच त्याचें गणित. मात्र येथें कबूल केलें पाहिजे कीं, कारागिराच्या मनांत नसलेली करुणा पाहणाऱ्याच्या मनांत उत्पन्न होऊं शकते, आणि ती झाली तर तिला चुकीचें वाचन म्हणून हांकून देतां येत नाहीं. कारण हें चित्र केवळ रोममध्यें फिरलें असें नाहीं. खुद्द त्या प्रांतांत, सीझेरिया येथील टांकसाळींत, हाच मजकूर ग्रीक अक्षरांत घालून नाणीं पाडलीं गेलीं. जिचा मुलगा वेढ्यांत मेला अशा बाईनें त्या नाण्यानें मीठ विकत घेतलें असेल. तिला तें पोस्टाच्या तिकिटासारखें वाटलें असेल काय, हा प्रश्न जोन्सच्या लेखाला विचारण्यासारखा आहे.

याच ठिकाणीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपवास यहुदी लोक आपल्या आब महिन्यांत पाळतात. पूर्वींच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांस गांवकरी शनवार तेली म्हणत, त्या उपवासास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत आले. कारण त्या वेळीं वालाचें बिरडें खावयाचें. त्यांच्यापैकीं बहुतेक कुटुंबें १९४८ नंतर इस्राएलांत जाऊन राहिलीं. रोमच्या टांकसाळीनें पितळेवर कोरलेला तो दिवस कोंकणांतल्या स्वयंपाकघरांत वालाच्या डाळिंब्यांशीं जोडला गेला, ही गोष्ट कोणत्याहि सूचींत नाहीं.

आतां दुसरें झाड. डोमिशियन बादशहाचा इ. स. ९६ मध्यें खून झाला आणि वृद्ध नर्व्हा गादीवर आला. त्याच्या सेस्टर्टियसवर पुन्हां तेंच खजुराचें झाड आहे. स्त्री नाहीं, बंदिवान नाहीं, भाला नाहीं. झाड तेवढें एकटें उभें. भोंवतालच्या अक्षरांचा अर्थ, ‘यहुदी करखात्यांतील खोटे आरोप काढून टाकले’. मूळ हकीकत अशी कीं, यहुदी लोक आपल्या मंदिरासाठीं दर वर्षीं जी दोन द्रम्मांची वर्गणी देत ती मंदिर जळाल्यावर व्हेस्पेशियननें बंद न करतां ज्युपिटरच्या देवळाकडे वळविली. डोमिशियननें या कराची वसुली फार कडक केली. कोणी यहुदी आहे कीं नाहीं याच्या चुगल्या होऊं लागल्या. स्वेटोनियस लिहितो कीं, आपण तरुण असतांना नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्याची सुंता झाली आहे कीं नाहीं हें भर कचेरींत तपासलेलें आपण पाहिलें.

नर्व्हाचें हें नाणें पाहून त्यानें तो कर रद्द केला असें पुष्कळदां लिहिलें गेलें आहे. झाडाकडे पाहून अक्षरें न वाचल्याचा हा परिणाम. ‘कालुम्निया’ हा रोमन कायद्यांतील शब्द आहे; त्याचा अर्थ जाणूनबुजून केलेली खोटी फिर्याद. निघाली ती फिर्याद, कर नव्हे. कांहीं विद्वान कर हाच एक बदनामीकारक आरोप होता असें म्हणून तो शब्द कराला लावूं पाहतात, पण मिसर देशांत एडफू येथें सांपडलेल्या खापरांवर या कराच्या पावत्या ट्राजनच्या कारकीर्दींतल्या, इ. स. ११६ पर्यंतच्या आहेत. नाणें खोटें बोलत नाहीं. पण तें जितकें बोलतें त्यापेक्षां अधिक ऐकूं यावें अशी त्याची मांडणी आहे, आणि अधिक ऐकणारे लोक दोन हजार वर्षांनींहि निघाले. सरकारी भाषेचा हा गुण आमच्या वाचकांस अपरिचित नसेल.

याच नर्व्हाचें दुसरें एक नाणें आहे. दोन हात एकमेकांत गुंफलेले, आणि अक्षरें ‘सैन्यांची एकजूट’. इ. स. ९७ मध्यें त्याच्याच शरीररक्षक सैन्यानें त्याला राजवाड्यांत कोंडलें आणि डोमिशियनच्या मारेकऱ्यांचे प्राण त्याच्याकडून बळजबरीनें मागून घेतले. ज्या घरांत भांडण नाहीं त्या घराच्या दारावर ‘येथें सर्व गुण्यागोविंदानें नांदतात’ अशी पाटी कोणी लावीत नाहीं. तिसऱ्या शतकांत गॅलिएनस बादशहाचा बाप इराणच्या शहापुराच्या कैदेंत पडला होता, साम्राज्याचे तुकडे होत होते, चांदीच्या नाण्यांत चांदी नांवाला उरली होती. त्या बादशहाच्या सोन्याच्या एका नाण्यावर अक्षरें आहेत ‘सर्वत्र शांतता’. पुरोभागावर त्याचें नांव स्त्रीलिंगी प्रत्यय लावून घातलें आहे, म्हणून जुने टीकाकार तें नाणें म्हणजे कोणा शत्रूनें केलेली थट्टा असें समजत. थट्टेसाठीं सोनें खर्च करणारी टांकसाळ आम्हांस तरी माहीत नाहीं. बादशहाच्या डोक्यावर लोंब्यांसारखा मुकुट आहे. धान्याच्या देवीशीं त्याचें ऐक्य दाखवावयाचें होतें, हा अर्थ अधिक बरा. तथापि, नाण्यावर जें लिहिलें असेल त्याच्या नेमकें उलट खरें मानावें, असा जो एक सुलभ नियम अलीकडे चतुर लोकांत चालतो, तोहि आम्ही मान्य करीत नाहीं. तसें असतें तर ‘यहुदिया जिंकली’ याचा अर्थ जेरुसलेम शाबूत राहिलें असा करावा लागेल.

अर्थ लावणाऱ्यांच्या हौसेस दुसऱ्या बाजूनेंहि आळा पाहिजे. टायबेरियसच्या चांदीच्या नाण्यावर हातांत राजदंड व डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री आहे. ती शांतिदेवता म्हणावी तर तसें लिहिलेलें नाहीं. पुष्कळांच्या मतें ती बादशहाची आई लिव्हिया. टांकसाळीनें नांव घातलें नाहीं, याचा अर्थ नांव सांगण्याची तिला गरज किंवा इच्छा नव्हती; आणि दोन्ही तर्क पाहणाऱ्याच्या मनांत एकदम राहूं शकतात हें ज्यास सहन होत नाहीं त्यानें या विषयाच्या वाटेस जाऊं नये. ट्राजनच्या नाण्यावरील कमानदार पूल डॅन्यूब नदीवरचा कीं रोमच्या टायबरवरचा, हा वादहि असाच आहे. त्यांत आम्ही वाचकांस गुंतवीत नाहीं. त्यापेक्षां सूचींतील एक मोठा दोष दाखवूं. सूचींत ज्याचा एकच नमुना जगांत आहे अशा नाण्यासहि एक ओळ, आणि जें लाखोंनीं पाडलें गेलें त्यासहि एकच ओळ. विद्वान सूची वाचतात आणि दुर्मिळ चित्रावर निबंध लिहितात. बिचाऱ्या रोमन नागरिकानें तें चित्र जन्मांत पाहिलें नसेल. बल्गेरियांत रेका देव्निया येथें १९२९ मध्यें एक प्रचंड ठेव सांपडली. तींतलीं ऐंशीं हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं नोंदलीं गेलीं. अशा ठेवी मोजून कार्लोस नोरेन्या यांनीं २००१ मध्यें दाखविलें कीं, बादशहाच्या सद्‌गुणांपैकीं नाण्यावर सर्वांत अधिक दिसणारी मूर्ति शौर्याची नव्हे, दयेचीहि नव्हे, तर तराजू धरलेल्या समतेची आहे. म्हणजे हातांत येणारें नाणें बहुधा स्वतःच्याच खरेपणाची ग्वाही देत होतें. हें शोधावयास कल्पनाशक्ति लागली नाहीं, मोजण्याचा धीर लागला. आणि नाण्यांवरील टीकेंत हा धीर कल्पनेपेक्षां दुर्मिळ आहे.

कल्पनेला तिचा मान देणारें उदाहरण मात्र एक अवश्य सांगितलें पाहिजे. कॅरॉशियस नांवाच्या आरमारी सेनापतीनें इ. स. २८६ मध्यें ब्रिटनमध्यें स्वतःस बादशहा म्हणविलें. २९३ मध्यें त्याचाच हाताखालचा माणूस अलेक्टस यानें त्याला मारलें. या बंडखोरानें, जेव्हां कायदेशीर बादशहांचें चांदीचें नाणें केवळ मुलामा देऊन चालत होतें, तेव्हां चांगल्या चांदीचें नाणें पाडलें. त्याच्या तळाशीं आर, एस, आर अशीं तीन अक्षरें आहेत. हीं टांकसाळीच्या हिशेबी अधिकाऱ्याच्या हुद्द्याचीं आद्याक्षरें, असें समजून विद्वान स्वस्थ होते. ब्रिटिश म्यूझियममधील त्याच्या एका पदकाच्या तळाशीं दुसरीं सहा अक्षरें आहेत, त्यांचा तर कांहींच उलगडा होत नव्हता. १९९८ मध्यें गाय द ला बेदोयेर यांनीं हीं दोन्ही कोडीं शेजारीं ठेविलीं आणि तीं एकदम सुटलीं: व्हर्जिल कवीच्या चौथ्या गोपगीतांत सुवर्णयुग परत येत असल्याचें जें भाकीत आहे, त्यांतील लागोपाठ येणाऱ्या शब्दांचीं तीं आद्याक्षरें. पहिल्या तीन शब्दांचीं नाण्यावर, पुढच्या सहांचीं पदकावर. ज्या पलटणीच्या अंमलदारानें शाळेंत छड्या खाऊन व्हर्जिल पाठ केला असेल, त्याला तीन अक्षरें पाहतांच पुढची ओळ आपोआप आठवावी, अशी ही योजना. आपल्याकडे श्लोकाचा पहिला चरण उच्चारला कीं समोरचा दुसरा म्हणतो, तसेंच हें. येथें प्रेक्षक नव्हता असें कोण म्हणेल? पण तो प्रेक्षक सर्व प्रजा नव्हता, हेंहि तितकेंच उघड आहे. पृष्ठभाग कोणासाठीं, या प्रश्नाला एकच उत्तर मागणें हीच जोन्स व त्याचे प्रतिपक्षी या दोघांची चूक झाली.

सामान्य प्रजा पाठ वाचत होती याचा सर्वांत बळकट पुरावा, गंमत अशी कीं, तिनें केलेल्या टवाळीचा आहे. ज्यूलियन बादशहानें (इ. स. ३६१ ते ३६३) तांब्याच्या मोठ्या नाण्यावर बैल व त्यावर दोन तारे घातले. अँटिऑक शहरांत तेव्हां धान्याची महागाई होती, शहर बहुतांशीं ख्रिस्ती, आणि बादशहा जुन्या देवांस बैलांमागून बैल बळी देत होता. शहरानें त्याच्या दाढीची चेष्टा केली आणि नाण्याचीहि. त्यानें चिडून लिहिलेल्या ‘मिसोपोगॉन’ या उपहासपर ग्रंथांत नाण्याच्या चेष्टेचा उल्लेख स्वतःच केला आहे. पुढच्या शतकांतला सॉक्रेटीस नांवाचा चर्चचा इतिहासकार सांगतो कीं, त्या नाण्यावर बैल आणि वेदी होती. नाणें आज समोर आहे; त्यावर वेदी नाहीं. बैल बळीचा, कीं मिसरचा आपिस, कीं आकाशांतली वृषभराशि, याविषयीं अद्याप एकमत नाहीं. परंतु अँटिऑकच्या लोकांनीं त्या बैलाभोंवतीं नसलेली वेदी पाहिली, ही गोष्ट सर्व अर्थांहून अधिक बोलकी आहे. बादशहाला काय म्हणावयाचें होतें यापेक्षां बादशहाविषयीं आपणांस काय ठाऊक आहे, तें त्यांनीं नाण्यावर वाचलें. चेष्टा करणारा वाचक हाहि वाचकच.

ज्यांना अक्षर वाचतां येत नव्हतें आणि ज्यांचा त्या बादशहांशीं कांहीं संबंध नव्हता अशा वाचकांचा एक मोठा वर्ग आमच्या या देशांत होता. दक्षिणेंत, विशेषतः कोइमतूरच्या बाजूस, सांपडणाऱ्या रोमन चांदींत दोन नमुने फार: एक वर सांगितलेला टायबेरियसचा, आणि दुसरा ऑगस्टसचा, ज्याच्या पाठीवर त्याचे दत्तक घेतलेले दोन नातू गायस व ल्यूशियस ढालींवर हात ठेवून उभे आहेत. गादीला वारस आहेत, चिंता नको, हा त्याचा अर्थ. ल्यूशियस इ. स. २ मध्यें वारला, गायस इ. स. ४ मध्यें. त्यांच्या मागून हें नाणें जहाजांत बसून मिऱ्यांच्या मोबदल्यांत इकडे येत राहिलें. ज्या आशेचें तें चित्र होतें ती केव्हांच विझली होती. येथें तें वजनानें घेतलें गेलें. पुदुकोट्टईस १८९८ मध्यें सांपडलेल्या पांचशें एक मोहरांपैकीं बहुतेकांच्या पुरोभागावर, बादशहाच्या तोंडावरच, छिनीचा आडवा घाव आहे. पृष्ठभागाला कोणी हात लावला नाहीं, कारण त्याचा मान नव्हता आणि म्हणून अपमानहि नव्हता. आणि तरीहि येथील लोक चित्रें पाहत नव्हते असें म्हणतां येत नाहीं. तेलंगणांत कोंडापूर येथें टायबेरियसच्या नाण्याच्या मातीच्या प्रतिकृति निघाल्या आहेत, दोरा ओंवावयास सोय केलेल्या. मातीला वजनाचा भाव नसतो. तेथें हवें होतें तें रूपच. पुढें शेंकडों वर्षांनीं व्हेनिसचें सोन्याचें नाणें आलें तेव्हां आमच्या आज्यापणज्यांनीं त्यावरच्या आकृतीवरून त्यास पुतळी म्हटलें आणि माळेंत ओंविलें. तामिळ मुलखांत ध्वजदंडापुढें गुडघे टेंकलेल्या त्या व्हेनेशियन अधिपतींत लोकांना ताडावर चढणारा शाणार दिसला, म्हणून तें शाणार काशु झालें. टांकसाळीच्या दृष्टीनें हें अज्ञान होय. आम्हांस तें अँटिऑकच्या वेदीचें सख्खें भावंड वाटतें.

तिसरें झाड आम्ही शेवटास ठेविलें होतें. हेड्रियनच्या कारकीर्दींत, इ. स. १३२ मध्यें, यहुदियांत पुन्हां बंड झालें. शिमोन बर कोखबा हा त्याचा पुढारी. साडेतीन वर्षें तें चाललें. बंडवाल्यांनीं नाणीं पाडलीं, परंतु त्यांच्याजवळ ना खाण होती ना कोरे चकत्या पाडण्यास अवसर. त्यांनीं चालू नाणीं गोळा केलीं आणि त्यांवरच आपले ठसे मारले. तांब्याच्या नाण्यांवर सात फांद्यांचें खजुराचें झाड आहे, खालीं फळांचे घोस. मोठ्या चांदीच्या नाण्यावर जळून गेलेल्या मंदिराचें तोंड आहे. लहानांवर द्राक्षांचा घोस, वीणा, कर्णे. अक्षरें जुन्या, तेव्हां व्यवहारांतून गेलेल्या हिब्रू वळणाचीं: ‘इस्राएलाच्या मुक्तीचें वर्ष पहिलें’, ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठीं’. जुन्याच नाण्यावर ठसा मारला यांत मुख्य कारण अडचणीचें होतें, आणि तेथें फार अर्थ काढूं नये, असें सावध विद्वान म्हणतात. तें आम्ही ऐकतों. पण झाड कोणी अडचणीनें निवडीत नाहीं. पहिल्या बंडाच्या चौथ्या वर्षीं, जेरुसलेम पडण्याच्या थोडें आधीं, खुद्द यहुद्यांनींच आपल्या तांब्यावर खजूर घातला होता. व्हेस्पेशियननें तो घेऊन त्याखालीं एक रडणारी स्त्री बसविली. नर्व्हानें स्त्रीला उठविलें आणि झाड ठेविलें. आणि आतां तें मूळ धन्याकडे परत आलें. ज्यांच्यासाठीं ‘यहुदिया जिंकली’ हीं अक्षरें ग्रीकमध्यें कोरलीं गेलीं होतीं त्यांनीं एकसष्ट वर्षांनीं दिलेलें हें उत्तर आहे, आणि तें त्यांच्याच भाषेंत, त्याच चित्रांत आहे.

इ. स. १३५ मध्यें बंड मोडलें. जेरुसलेमच्या जागीं ईलिया कॅपिटोलिना नांवाची रोमन वसाहत उभी राहिली, आणि तिच्या नाण्याच्या पाठीवर बैलगाईची जोडी जुंपून नगराची हद्द नांगरणारा हेड्रियन आहे. बंडवाल्यांचीं नाणीं बाजारांतून गेलीं. आज संग्रहालयांत तीं पाहावयास मिळतात तेव्हां ठसा नीट न बसलेल्या एखाद्या नाण्यावर द्राक्षांच्या घोसाखालून ट्राजनच्या केसांची बट, किंवा वीणेच्या तारांमधून जुन्या लॅटिन अक्षरांचा एखादा तुकडा, अजून स्पष्ट दिसतो.